रुमालाखालचा भाव

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी संगणक खरेदीच्या निविदेत एक ओळ वाढवण्याबाबत.

महोदय,



नाकाडोंगरी हे गाव तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश लागतो. इथे माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. पुढे झेरॉक्स, मागे निळा पडदा, मधे एक लॅपटॉप. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, सातबाऱ्याच्या प्रती, असं सगळं एकाच टेबलावर चालतं. एकेकाळी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायलाही रांग लागायची. मोबाइलवर नेट स्वस्त झालं आणि तो धंदा बसला. कार्ड मात्र गेलं नाही. लोक त्याला चिप म्हणतात आणि अजूनही पाकिटात, कुंकवाच्या डबीत, पोथीत जपून ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यात एक काकाजी अशीच एक चिप घेऊन आले. प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेली, पुडीला रबर लावलेलं. "पोरीच्या लग्नाचं हाये. मोबाइल तं बिघडला. निंगते का पाहा ना भाऊ." मी चिप अडॅप्टरमध्ये घालून लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवली. काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही, चूक दाखवणारी चौकटसुद्धा नाही. काकाजींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, लग्नच गेलं.

कार्ड धडधाकट होतं. मग मी तुमसरच्या बाजारात दीडशे रुपयांना घेतलेला यूएसबी कार्ड रीडर काढला, त्यात तीच चिप घातली, आणि दोन मिनिटांत हळद, वरात, पंगत सगळं पडद्यावर आलं. काकाजी खूश होऊन गेले. मी मात्र त्या दिवसापासून या एका प्रश्नाला चिकटून बसलोय, आणि त्यातूनच हे पत्र निघालंय. दीडशे रुपयांच्या रीडरला जे जमतं, ते हजारो रुपयांच्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच बसवलेल्या खाचेला का जमू नये?

लॅपटॉप जुना आहे. नागपुरातल्या एका ऑफिसने काढून टाकलेला, सेकंडहँड बाजारातून आणलेला. त्यावर विंडोज धापा टाकायचं म्हणून माझ्या भाच्याने त्याजागी लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली प्रणाली टाकून दिली. तेव्हापासून यंत्र पळतंय. वायफाय चालतं, प्रिंटर चालतो, आवाज चालतो, फक्त कार्डाची खाच मुकी आहे. कारण तिच्या मागे कार्ड वाचणारी जी खरी चिप असते, तिचा लिनक्ससाठी ड्रायव्हर नाही. कंपनीने तो फक्त विंडोजसाठी बनवला, आणि चिपशी कसं बोलायचं ते कुणाला सांगितलं नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मंत्रालयात कुणीतरी आपल्याला सांगितलंच असेल. मी माझ्या भाषेत सांगतो. आपण बैलबाजार पाहिला असेल. दोन दलाल एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, बैलाचा मालकही असतो, पण भाव त्या दोघांनाच कळतो. कार्ड रीडरच्या चिपचंही असंच. तिच्या आत कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात ठरावीक आकडा लिहिला की कार्डाला वीज मिळते, दुसऱ्यात लिहिला की घड्याळाचा वेग बदलतो, तिसरा वाचला की कार्ड आत आहे की नाही ते कळतं. कोणता कप्पा कशाचा, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद म्हणजे रुमालाखालचा भाव. ड्रायव्हर हा त्या कागदावरून बोलणारा दलाल. कागद कंपनीच्या कपाटात, दलाल कंपनीच्या पगारावर, आणि बैल मात्र आपण पैसे मोजून घेतलेला.

यातली गंमत अशी की खुद्द कार्डाची भाषा फारशी गुपित नाही. एसडी कार्ड उलटं करून पाहा. सोनेरी नऊ पट्ट्या दिसतील. चार माहिती वाहून नेतात, एकीवरून आज्ञा जाते, एकीवर घड्याळाचे ठोके पडतात, उरलेल्या तीन विजेच्या. यंत्र आधी शून्य क्रमांकाची आज्ञा पाठवतं, म्हणजे सगळं विसर आणि सुरुवातीच्या जागी ये. मग आठव्या आज्ञेने विचारतं की बाबा, तुला एवढे व्होल्ट चालतील का? ओळखपाळख होईपर्यंत घड्याळ अगदी सावकाश चालतं, सेकंदाला जास्तीत जास्त चार लाख ठोके. मग वेग वाढतो. सतराव्या आज्ञेला कार्ड पाचशे बारा बाइटचा एक तुकडा देतं. काकाजींच्या पोरीची हळद अशी तुकड्या-तुकड्यांनीच बाहेर आली. हे सगळं आज कुणालाही वाचायला मिळतं.

आधी मिळत नव्हतं. सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे आजचं पॅनासॉनिक, आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ साली एसडी कार्ड जाहीर केलं, आणि २००० साली एसडी असोसिएशन स्थापन झाली. पुढची काही वर्षं पूर्ण नियमावली हवी तर सभासद व्हा, गुप्ततेच्या करारावर सही करा, असा कारभार होता. सगळ्यांना वाचायला मिळेल असा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अशी सही करून चालत नाही. त्याचा सगळा धंदाच उघड्यावरचा. म्हणून माणसांनी काय केलं? रुमालाकडे बघत बसले. विंडोजचा ड्रायव्हर चालू असताना तो कोणत्या कप्प्यात काय लिहितो ते टिपायचं, हजार वेळा टिपायचं, आणि बोटांच्या हालचालीवरून भाव ओळखायचा. काही जण हे नोकरी सांभाळून, रात्री जागून, स्वतःच्या लॅपटॉपवर करत होते.

त्यांतली काही नावं मी भाच्याकडून ऐकली आणि लिहून ठेवली. पिएर ऑसमन यांनी विनबाँड कंपनीच्या चिपचा ड्रायव्हर लिहिला. तो कोणीही उघडून वाचू शकतो, आणि त्याच्या सुरुवातीलाच इशारा दिलेला आहे की या चिपमध्ये तात्पुरती माहिती साठवणारी जी जागा आहे ती दोषांनी भरलेली आहे, तिथे हात लावताना फार जपून. म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रातला खड्डा शोधून त्यावर पाटी लावून ठेवली, मागून येणाऱ्याने पडू नये म्हणून. अ‍ॅलेक्स डुबोव यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा ड्रायव्हर लिहिला. २०१०च्या सुमारास मॅक्सिम लेवित्स्की यांनी रिकोह कंपनीच्या रीडरमधल्या एक्सडी कार्डाचं आणि मेमरी स्टिकचं काम केलं. आपल्याला एक्सडी कार्ड आठवत नसेल. मला आठवतं. माझा पहिला डिजिटल कॅमेरा त्याच्यावर चालायचा. कॅमेरा केव्हाच भंगारात गेला, पण टेबलाच्या खणात तीन एक्सडी कार्डं पडून आहेत. त्यात गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे शेवटचे फोटो आहेत. ज्या कंपन्यांनी हे कार्ड काढलं त्यांनी ते कधीच सोडून दिलं. रिकोहच्या खाचेत ते वाचणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आला तो एका माणसाने खपून लिहिला म्हणून.

२००६ साली वारं थोडं फिरलं. एसडी असोसिएशनने रीडरच्या चिपसाठीच्या नियमावलीची संक्षिप्त आवृत्ती सर्वांना खुली केली, आणि त्याच वर्षी लिनक्समध्ये त्या नियमाने चालणाऱ्या सगळ्या चिपसाठी एक सामाईक ड्रायव्हर आला, तोही ऑसमन यांचाच. ज्या कंपन्यांनी नियम पाळला त्यांच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागला नाही. अर्थात नियम पाळला म्हणजे नीट पाळला असं नाही. त्या ड्रायव्हरमध्ये चिपांच्या खोडींची एक लांबलचक यादी आहे. एकीला कार्ड आत आलेलं कळतच नाही. दुसरीला कार्डाच्या कडेचं कुलूप उलटं दिसतं, उघडं असेल तर बंद म्हणते. तिसरीला उत्तराची किती वेळ वाट पाहायची याचा हिशेबच जमत नाही. गावातल्या सोयऱ्यांची यादी वाचतोय असं वाटतं. पण खोडी लिहून ठेवल्या म्हणून सगळ्यांना त्या सांभाळता आल्या.

काही कंपन्या स्वतःहून पुढे आल्या, हेही सांगायला हवं. अनेक लॅपटॉपमध्ये रिअलटेकची चिप असते. त्या कंपनीच्या इंजिनिअरनेच ड्रायव्हर लिहून लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दिला. कंपनी काही त्यामुळे बुडाली नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नेलच्या एका जबाबदार माणसाने तर २००७ साली कंपन्यांना जाहीरच करून टाकलं की तुम्ही फक्त कागद द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. फुकट! आपल्याकडे फुकट म्हटलं की माणूस संशयाने बघतो. कंपन्यांनाही तोच रोग असावा.

आता माझ्या दीडशे रुपयांच्या रीडरचं कोडं उलगडतं. यूएसबीवर साठवणुकीच्या वस्तूने कसं बोलायचं, याचा नियम छापील आहे आणि सगळ्यांना खुला आहे. रीडर कुणीही बनवला, त्याच्या आतली चिप कितीही फालतू असली, तरी बाहेर तोंड उघडताना त्याला त्याच नियमाने बोलावं लागतं. म्हणून एकच ड्रायव्हर जगातल्या जवळजवळ सगळ्या यूएसबी रीडरांना पुरतो. लॅपटॉपच्या आतली खाच मात्र बऱ्याचदा थेट मदरबोर्डला जोडलेली असते आणि तिथे कंपनीचं स्वतःचं राज्य. नियम पाळला तर ठीक, नाही पाळला तर रुमाल.

भाच्याने आणि मी प्रयत्न केला. तो नागपुरात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याने आमच्या मुक्या चिपचे दोन क्रमांक काढले. प्रत्येक चिप हे दोन क्रमांक सांगते, एक बनवणाऱ्याचा, एक स्वतःचा. त्याच कंपनीच्या जुन्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये होता. त्याच्या यादीत आमचा क्रमांक वाढवला, एक ओळ फक्त, आणि कर्नेल पुन्हा बांधायला लावला. लॅपटॉप रात्रभर गरम होत राहिला. मधे एकदा वीज गेली, पण बॅटरीने तग धरला. पहाटे चारला खाचेत कार्ड घातलं आणि ते दिसलं! दोन-चार फोटो उघडले. भाचा खुर्चीवरून उठून नाचला. मग लग्नाचा एक मोठा व्हिडिओ कॉपी करायला घेतला, आणि अर्ध्यात सगळं गोठलं.

कारण नंतर कळलं, निदान भाच्याचा अंदाज असा आहे. कार्ड सुरुवातीला ३.३ व्होल्टवर बोलतं. जास्त वेगात जायचं तर दोघांनी मिळून १.८ व्होल्टवर उतरावं लागतं. कार्ड उतरायला तयार होतं. चिपला उतरवणारा कप्पा कोणता, हे आम्हाला माहीत नव्हतं. नव्या चिपमध्ये तो कंपनीने हलवला असावा. म्हणजे एका कप्प्याचा पत्ता. वहीच्या एका ओळीत मावेल एवढी माहिती. ती कंपनीला मेल करून मागितली. उत्तर आलं नाही.

महोदय, हे एका स्टुडिओवाल्याचं रडगाणं वाटेल, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पेंच आणि नवेगाव-नागझिरा यांच्या मधलं जंगल आमच्या अवतीभवती आहे. वाघ मोजायला जंगलात कॅमेरे लावतात. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो काढले. त्यांतले वाघाचे ७६ हजारांवर. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अशा कॅमेऱ्याच्या पोटात मेमरी कार्ड असतं. कुणीतरी ते काढतो, कुठल्यातरी यंत्रात घालतो, तेव्हा कुठे वाघ कागदावर येतो. आणखी एक मजा. कॅमेऱ्यातल्या अल्कलाइन सेलला मँगनीज डायऑक्साइड लागतं, आणि शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून ड्राय बॅटरीच्या कारखान्यांना लागणारं तेच मँगनीज निघतं. म्हणजे मालाच्या बाबतीत आम्ही या साखळीच्या मुळाशी आहोत. माहितीच्या बाबतीत शेवटच्या टोकाला.

दुसरी गोष्ट. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, ग्रामपंचायतींत विंडोज १० वर चालणारे किती संगणक आहेत, ते आपल्या विभागालाच ठाऊक. बरेचसे नव्या विंडोजला चालणार नाहीत. ते भंगारात न घालता लिनक्सवर पाच-सात वर्षं आरामात काढू शकतात, माझा लॅपटॉप त्याचा पुरावा. अडचण येते ती अशीच, एखाद्या खाचेची, एखाद्या चिपची. मग कुणीतरी साहेब म्हणतो, "लिनक्सवर काहीच चालत नाही," आणि नवी खरेदी निघते.

लिनक्स वापरतो कोण, असं आपल्या विभागातून विचारलं जाईल. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नेल आहे. नाकाडोंगरीच्या बाजारात ज्याच्या ज्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्ड आहे, तो प्रत्येक जण हेच उघडं काम रोज वापरतो. कार्डाशी बोलणारा कर्नेलमधला भाग तोच.

आणि कंपन्यांना गुपित उघडायला लावता येत नाही, हेही खरं नाही. ३२ जीबीच्या वरच्या कार्डांवर एक्सफॅट नावाची मांडणी असते. मायक्रोसॉफ्टने ती २००६ साली काढली आणि पेटंटच्या कुंपणात ठेवली. लिनक्सवाल्यांना मोठं कार्ड वाचायचं तर आडवाटा शोधाव्या लागत. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने नियमावली छापली आणि कर्नेलमध्ये घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षाअखेर पहिला ड्रायव्हर आला, पुढच्या वर्षी सॅमसंगच्या लोकांनी लिहिलेला अधिक चांगला आला. कुणाचं दुकान बंद पडलं नाही.

आता मागणी. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं धोरण काढलं. निविदेत मुक्त पर्यायाचा आधी विचार व्हावा, आणि तो वगळला तर पुरवठादाराने कारण द्यावं, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण सॉफ्टवेअर मुक्त आणि खालचं यंत्र मुकं, असं झालं तर धोरण कागदावर राहतं. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स चालतं, म्हणजे तिथे यंत्र घेतानाच ते लिनक्सवर चालेल ना हे बघावं लागतं. माझ्यासारख्या एकट्याच्या मेलला कंपनी उत्तर देत नाही. हजारो लॅपटॉप एका ऑर्डरमध्ये घेणाऱ्या राज्य सरकारला ती त्याच दिवशी देईल.

ओळ मीच लिहून देतो, आपल्या लोकांनी भाषा सरकारी करून घ्यावी : "पुरवलेल्या यंत्रातील प्रत्येक चिपचे ओळख क्रमांक पुरवठादाराने जोडावेत, कार्ड रीडर, वायफाय, कॅमेरा यांसह प्रत्येक भागाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये असावा, अथवा तो लिहिण्यास पुरेशी नियमावली जाहीर केलेली असावी." एवढंच. याला खर्च नाही, समिती नको, उद्घाटन तर नकोच. (उद्घाटन हवंच असेल तर फोटो मी काढतो.)

जमलं तर आणखी एक करा. दरवर्षी राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प करतात. भाच्याच्या वर्गात यंदाही ग्रंथालय व्यवस्थापन आणि ऑनलाइन हजेरी हेच आहे. वर्षभर खपायचं, सीडीवर उतरवून कॉलेजच्या कपाटात ठेवायचं, संपलं. त्याऐवजी एका गटाने एक मुकी चिप घ्यावी. ती बोलती झाली तर बदल कर्नेलमध्ये जातो, जगातली जाणती माणसं तो तपासतात, चुका दाखवतात, परत लिहायला लावतात, आणि अखेर स्वीकारला तर त्या पोराचं नाव तिथे कायमचं लागतं. तंत्रशिक्षण खातं आपल्याकडे नाही, ठाऊक आहे. पण दोन्ही खात्यांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात.

मुक्या चिपचे दोन्ही क्रमांक वेगळ्या कागदावर सोबत जोडले आहेत. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, क्रमांकावरून आपल्या लोकांना कळेल. माझी ओळ कोणत्या फायलीत गेली, एवढं कळवावं.

आपला,
नाकाडोंगरीचा एक स्टुडिओवाला

ता. क. : नव्या लॅपटॉपच्या खाचेत धूळ जाऊ नये म्हणून कंपनी प्लास्टिकचं खोटं कार्ड घालून द्यायची. माझ्याकडचं अजून आहे. सध्या खाचेत तेच बसवून ठेवलंय.